पुढचा खडा कधी?

मंडळी, काळजाच्या दुखण्यावर कवींनी वह्याच्या वह्या भरल्या. उर्दूत तर या एका दुखण्याच्या जिवावर शेकडो वर्षं मुशायरे रंगले. मात्र बरगडीच्या खाली, पाठीच्या एका अंगाला जी कळ उठते, पोटातून जांघेपर्यंत उतरते आणि जिच्यापुढं भलाभला धट्टाकट्टा गडी अंथरुणावर लोळण घेतो, ती मुतखड्याची कळ कवितेच्या वाट्याला फारशी आली नाही. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायका सांगतात, त्या कळा परवडल्या, पण ही नको.

आज मला त्या कळेबद्दल बोलायचं नाही. ती थांबल्यावर जो प्रश्न उरतो, त्याबद्दल बोलायचं आहे. खडा पडला, किंवा दवाखान्यात काढला. माणूस घरी आला, दोन घास जेवला, शांत झोपला. दुसऱ्या दिवशी उठल्यावर त्याच्या मनात येतं, पुन्हा होईल का? आणि होणार असेल तर कधी?

मी कवितेचा माणूस. माझी पदवी बी.ए.ची आहे, वैद्यकाची नाही. औषध सांगणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम. पण या प्रश्नाच्या उत्तरात एक शब्द येतो, 'शक्यता'. डॉक्टर म्हणतात, 'पुन्हा होण्याची शक्यता आहे.' एकाला ऐकू येतं, 'होणारच.' तो सगळं नशिबावर सोडून देतो. दुसऱ्याला ऐकू येतं, 'झाला तर झाला.' तो विसरून जातो. दोघांनीही तो शब्द नीट ऐकलेला नसतो. शब्द नीट ऐकवणं हे कवीच्या कामात बसतं, म्हणून हा विषय मी घेतला.

आधी खडा होतो कसा ते पाहू. खडीसाखर कशी करतात ते पुष्कळांना ठाऊक असेल. साखरेचा घट्ट पाक करायचा, इतका घट्ट की त्या पाण्याला आणखी साखर पोटात ठेवता येऊ नये. त्यात दोरा सोडायचा आणि भांडं निवांत ठेवायचं. काही दिवसांत दोऱ्याला खडे धरतात. मूत्रपिंडात जवळपास हेच घडतं. रक्त गाळून नको असलेली द्रव्यं पाण्याबरोबर बाहेर टाकणं हे मूत्रपिंडाचं काम. कॅल्शियम, ऑक्झलेट, फॉस्फेट, युरिक ॲसिड ही त्यातली काही. पाणी भरपूर असलं तर ती विरघळलेली राहतात आणि वाहून जातात. पाणी कमी पडलं की लघवीचाच पाक होतो. आता दोरा कुठून आला? मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांवर काही जणांना चुन्यासारखे पांढरट थर असतात. अलेक्झांडर रँडल या अमेरिकी शल्यविशारदानं १९३७ साली त्यांचं वर्णन केलं. पुष्कळदा खड्याचा पहिला कण या थरावर धरतो. निसर्गानं त्याचा बंदोबस्तही करून ठेवला आहे. लघवीत सायट्रेट नावाचं द्रव्य असतं, लिंबाच्या आंबटपणाच्या नात्यातलं. ते कॅल्शियमला आपल्याशी बांधून ठेवतं आणि स्फटिक धरू देत नाही.

हा विचार आजचा नाही. सुश्रुतसंहितेत या रोगाला अश्मरी म्हटलं आहे, आणि नव्या घड्यातल्या स्वच्छ पाण्याच्या तळाशीही कालांतरानं गाळ बसतो, असा दाखला तिथं दिला आहे. हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या अल-राझी या इराणी हकिमानं मूत्रपिंडातल्या आणि मूत्राशयातल्या खड्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. दुखणं जुनं, आणि ते परत येतं हा अनुभवही जुना.

परत का येतं, हे आता सहज कळेल. खडा काढला म्हणजे दोऱ्याला धरलेला स्फटिक तेवढा काढला. पाक तोच राहिला, दोराही तोच राहिला. खडा फोडताना एखादा कण आत उरला, तर तो नव्या खड्याचा दोरा होतो. आपल्याकडं 'खडा पडला, सुटलो' असं म्हणतात. सुटका त्या दिवसाच्या कळेतून झालेली असते. खडा होण्याची प्रवृत्ती शरीरात तशीच असते.

घरगुती उपायांचं गणितही इथंच समजून घेऊ. कुणी पानफुटीची पानं चावतो, कुणी हुलग्याचं कढण पितो. खडा पडतो आणि पानफुटीचा बोलबाला होतो. पण पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपले आपणच पडतात. म्हणजे काहीच न करणाऱ्याचाही तो पडला असता. हुलगे खाऊ नका असं मी म्हणत नाही, त्याचे शेंगोळे मलाही आवडतात. पण पडलेल्या खड्याचं श्रेय कुणाला द्यायचं, हे ठरवताना घाई नको.

आता अंदाजाकडं येऊ. पूर्वी डॉक्टर ढोबळ आकडा सांगत, की एकदा खडा झालेल्या शंभरांतल्या साधारण निम्म्या लोकांना दहा वर्षांत तो पुन्हा होतो. हा आकडा सरसकट सगळ्यांना लावला जाई. पण वीस वर्षांचा तरुण, ज्याच्या बापालाही खडा होता, आणि साठीची बाई, जिला आयुष्यात एकदाच झाला, यांना एकच आकडा कसा चालेल? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१४ साली यावर काम प्रसिद्ध केलं. मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड परगण्यात १९८४ ते २००३ या काळात पहिल्यांदा खड्याचा त्रास झालेल्या २,२३९ लोकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्रास होऊन पुन्हा दवाखाना गाठावा लागलेले लोक दोन वर्षांत शंभरी ११ निघाले. पाच वर्षांत २०, दहा वर्षांत ३१ आणि पंधरा वर्षांत ३९. जुन्या आकड्यापेक्षा हे कमी दिसतं, कारण इथं कळ येऊन दवाखान्यात आलेलेच मोजले आहेत. तपासणी करून आत गुपचूप बसलेले खडेही मोजले, तर आकडा वाढतो.

त्यांनी पुढं जाऊन असं पाहिलं, की ज्यांना पुन्हा झाला त्यांच्यात वेगळं काय होतं. त्यातून 'रोक्स' नावाचा तक्ता तयार झाला. २०१९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. त्यातल्या खुणा आपल्या भाषेत अशा सांगता येतील. वय कमी असताना पहिला खडा झाला, तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त. पुरुषांना बायकांपेक्षा जास्त. घरात आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला असेल तर जास्त. वजन जास्त असेल तर जास्त. बाई गरोदर राहून गेलेली असणं, हीसुद्धा तक्त्यातली एक खूण आहे. तपासणीत मूत्रपिंडात आणखी खडे बसलेले दिसले तर जास्त, आणि ते जितके अधिक व जितके मोठे, तितकी शक्यता वाढते. खडा मूत्रपिंडाच्या तळाच्या कप्प्यात असेल तरी जास्त, घड्याच्या बुडाला गाळ साचतो तसंच ते. उलट, खडा उतरत उतरत मूत्राशयाच्या तोंडाशी येऊन पोचलेला असेल, तर पुढचा धोका त्या मानानं कमी.

सगळ्यांत बोलकी खूण आधीच्या खड्यांची आहे. २०१९ च्या त्या अभ्यासात पहिल्या खड्यानंतर दर वर्षी शंभरांतल्या सुमारे साडेतीन लोकांना पुन्हा त्रास झाला. दुसऱ्यानंतर सातांना, तिसऱ्यानंतर बारांना, आणि चौथ्यानंतर सतरा-अठरा जणांना. म्हणजे प्रत्येक खडा पुढच्याची वाट सोपी करून जातो. म्हणून पहिला खडा पडल्यावरच सावध झालं, तर ते सगळ्यांत स्वस्तात पडतं. चौथ्यानंतर सावध होणाऱ्याला तोच रस्ता चढाचा लागतो.

खडा कशाचा बनला आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. काही युरिक ॲसिडचे. ते साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, पण लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधानं विरघळवता येतात. काही खडे जंतुसंसर्गातून होतात आणि सांबरशिंगासारखे फुटवे फोडत सगळं मूत्रपिंड व्यापतात. थोडे सिस्टिनचे असतात, ते आई-वडलांकडून आलेले आणि पुन्हा पुन्हा होणारे. तक्ता सांगतो, की युरिक ॲसिडचा किंवा जंतुसंसर्गाचा खडा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त. आता विचार करा, आपल्यापैकी कितीजण पडलेला खडा तपासायला देतात? आपण तो बघतो, शेजाऱ्याला दाखवतो, 'एवढासा होता पण केवढा छळला' म्हणतो आणि फेकून देतो. पुढचा अंदाज सांगणारा सगळ्यांत चांगला साक्षीदार आपण उकिरड्यावर टाकतो.

हा अंदाज किती खरा असतो, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. अशा तक्त्यांची परीक्षा घ्यायची एक मोजपट्टी असते. नाणं उडवून सांगितलेल्या अंदाजाला त्यात ०.५ गुण, कधीच न चुकणाऱ्याला १. २०१४ च्या तक्त्याला सुमारे ०.६५ गुण मिळाले. नाण्यापेक्षा बरा, पण ब्रह्मवाक्य नाही. शिवाय ते लोक मिनेसोटाचे, बहुतांश गोरे, थंड मुलखातले. आष्टी-पाटोद्याचं ऊन त्या तक्त्यात नाही, आणि फडावर कोयता चालवणारा माणूसही नाही.

आपल्याला अशा अंदाजांची सवय आहे. वेधशाळा सांगते, मराठवाड्यात सरासरीइतका पाऊस पडेल. तो आपल्या बांधावर पडेल का, हे त्यात नसतं. गेवराईत धो धो आणि धारूरला कोरडं, असं आपण पाहतोच. पण म्हणून शहाणा शेतकरी अंदाज फेकून देत नाही. पाऊस कमी म्हणाले तर तो कमी पाण्याचं पीक निवडतो, बांध दुरुस्त करतो. खड्याच्या अंदाजाचंही तसंच आहे. तो तुमची तारीख सांगत नाही. तुमच्यासारख्या शंभरांत काय घडतं, ते सांगतो. आणि पावसाच्या अंदाजाहून एका बाबतीत तो आपल्या हातातला आहे. पाऊस आपल्याला पाडता येत नाही. खड्याचा अंदाज मात्र आपल्या वागण्यानं बदलतो.

हे म्हणायला पुरावा आहे. इटलीतल्या पार्मा शहरातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच कॅल्शियमचा खडा झालेल्या १९९ लोकांचे दोन गट केले. एका गटाला सांगितलं, रोज किमान दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. दुसऱ्याला काही वेगळं सांगितलं नाही. पाच वर्षांनी पाण्याच्या गटातल्या ९९ पैकी १२ जणांना खडा पुन्हा झाला होता. दुसऱ्या गटातल्या १०० पैकी २७ जणांना. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसतं पाणी, आणि धोका निम्म्याहून खाली.

त्याच डॉक्टरांनी २००२ साली आणखी एक गैरसमज मोडला. खड्यात कॅल्शियम असतं, म्हणून दूध-दही बंद करा, असं पुष्कळ वर्षं सांगितलं जाई. लघवीतून कॅल्शियम जास्त जाणाऱ्या १२० पुरुषांवर त्यांनी पाच वर्षं प्रयोग केला. दूधदुभतं तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना खडा पुन्हा झाला. दूध नेहमीसारखं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० जणांपैकी १२ जणांना. याचं कारण साधं आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. दूध तोडलं की ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात येतं. म्हणून ताक सोडू नका. सोडायचंच असेल तर वरून घेतलेलं मीठ सोडा. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. आपल्या ताटातलं लोणचं, पापड, ठेचा यांचा हिशेब करून पाहा. आणि मटणाच्या बाबतीत हात आखडता घ्यावा लागेल. ईदचे चार दिवस गेल्यावर मी हे माझ्या घरातही सांगतो, तेव्हा माझ्याकडं कुणी प्रेमानं बघत नाही.

पालक, शेंगदाणे, तीळ, राजगिरा, बदाम यांत ऑक्झलेट बरंच असतं. ज्याला ऑक्झलेटचे खडे वारंवार होतात, त्यानं हे बेतानं आणि ताका-दह्याबरोबर खावं. टोमॅटोला मात्र उगाच बदनाम केलं आहे. त्यात ऑक्झलेट फारसं नसतं, आणि त्याच्या बियांचा खडा होत नाही. लिंबाच्या सरबतातून सायट्रेट मिळतं, फक्त त्यात मीठ आणि साखर बेतानं घाला. मोसंबीही चांगली.

गोळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. हायड्रोक्लोरोथायाझाइड नावाची गोळी खडा पुन्हा होऊ नये म्हणून कित्येक दशकं दिली जात होती. स्वित्झर्लंडमध्ये ४१६ लोकांवर तिची कसून परीक्षा झाली. २०२३ साली निकाल आला, की पुन्हा खडा न होण्याच्या बाबतीत ती गोळी आणि नकली गोळी यांत म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची असं नाही. पण पाण्याची जागा गोळी घेईल ही आशा नको.

तर मंडळी, शास्त्र शेवटी पाण्यापाशी येऊन थांबतं. आणि नेमकं इथंच आपल्या बीड जिल्ह्याचा प्रश्न सुरू होतो.

जाणकार सांगतात, खडा होऊन गेलेल्यानं दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यावं. सावलीत बसणाऱ्याला त्यासाठी तीन लिटर पाणी पुरेल. उन्हात राबणाऱ्याचं काय? त्याचं पाणी घामावाटे जातं, मूत्रपिंडापर्यंत उरतच नाही. इटलीतल्या काच कारखान्याचा एक अभ्यास १९९३ साली आला. भट्टीपुढं काम करणाऱ्या कामगारांत खड्यांचं प्रमाण साडेआठ टक्के निघालं, आणि साध्या तापमानात काम करणाऱ्यांत अडीच टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडं भट्टी लावावी लागत नाही, ती आभाळातच पेटलेली असते.

दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, वाहायच्या, भरायच्या. पाणी असतं ते प्लॅस्टिकच्या कॅनमधलं, जिथं मिळेल तिथलं. बाईची गोष्ट याहून अवघड. फडाच्या आसपास आडोसा नाही, कोपीजवळ संडास नाही. लघवीला जावं लागू नये म्हणून ती पाणीच पीत नाही. उन्हाळी लागली तरी अंगावर काढते. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारनं समिती नेमली. त्या वेळी फडावरच्या पाण्याची आणि संडासाची चर्चा राज्यभर झाली. खड्याच्या तक्त्यातही त्या बाईसाठी एक रकाना हवा होता.

आणि या धंद्यात खड्याबरोबर खाडा येतो. कळ आली की काम बुडतं, काम बुडलं की खाडा लागतो, आणि अंगावर उचल आधीचीच असते. म्हणून माणूस दुखणं थांबवणारी गोळी टपरीवरून घेतो, दोन गोळ्या पोटात टाकतो आणि पुन्हा उभा राहतो. अंगात पाणी कमी असताना अशा गोळ्यांचा मारा मूत्रपिंडालाच घायाळ करू शकतो. खड्याची कळ थांबली म्हणजे खडा हलला असंही नाही. कधी तो वाट अडवून तसाच बसतो, दुखणं जातं आणि मागं मूत्रपिंड सुजत राहतं. म्हणून मुकादमांना आणि साखर कारखान्यांना माझं सांगणं आहे, की फडावर प्यायचं पाणी आणि बायकांसाठी आडोसा देणं हा उपकार समजू नका. तो औषधाचाच भाग आहे. ज्याला पाणी प्यायची सोय नाही, त्याला 'भरपूर पाणी पी' असं सांगणं ही चेष्टा झाली.

गावात राहणाऱ्यांच्या मनात आणखी एक भीती आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं खडे होतात, असं आपल्याकडं सर्रास मानलं जातं. भांड्याला पांढरा थर बसतो, तसाच आत बसत असेल, असा तो तर्क. पण पाण्याच्या जडपणाचा आणि खड्यांचा थेट, पक्का संबंध आजवरच्या अभ्यासांत दिसलेला नाही. उलट या भीतीनं माणूस घोट-घोट पितो आणि जार विकत घेता आला नाही तर तहान मारतो. हे जास्त घातक. पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त आहे का, हे मात्र जरूर तपासून घ्यावं, ते वेगळ्या कारणांसाठी महत्त्वाचं आहे. पण खड्याच्या बाबतीत पाणी कसलं यापेक्षा पाणी किती, हा प्रश्न मोठा.

उपासाबद्दलही मला विचारतात. रोजे ठेवणाऱ्यानं सहरीला एकदम पोट फुगेपर्यंत पाणी पिऊन उपयोग नाही. त्यातलं बरंचसं तासा-दोन तासांत निघून जातं. इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडं थोडं पीत राहावं. एकादशीला पाणी वर्ज्य नसतं, तरी बरेचजण विसरतात आणि शेंगदाणे, राजगिरा मात्र दुप्पट खातात. ज्याला खडे वारंवार होतात, त्यानं रमजानच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. जिवाला अपाय होत असेल तर सवलत आमच्या धर्मातही आहे.

मग करायचं काय? कळ येऊन गेली की आठ-दहा दिवस लघवी गाळणीतून किंवा स्वच्छ फडक्यातून करावी. खडा सापडला तर धुऊन, कोरड्या डबीत ठेवून तपासायला द्यावा. सोनोग्राफीचे, रक्त-लघवीचे सगळे कागद एका पिशवीत ठेवावेत आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढावेत. गाव सोडून कामाला जाणाऱ्याजवळ पिशवी नसली तरी मोबाइल असतो. आत खडा उरला आहे का, आणि तो कुठल्या कप्प्यात, हे डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावं. खडा दुसऱ्यांदा झाला, किंवा मूल वयात झाला, तर चोवीस तासांची लघवी तपासण्याबद्दल विचारावं. त्यातून आपला पाक नेमका कशानं घट्ट होतो, ते कळतं.

घरच्या घरी एक मोजणी कुणालाही करता येते. सुट्टीच्या दिवशी तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्यावा आणि सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची लघवी त्यात साठवावी. अर्ध्यापर्यंत भरला तर ठीक. लिटरभरच निघाली, तर तुमचा अंदाज तुम्हीच वाचला असं समजा. रोजच्यासाठी रंग पुरे. वाळलेल्या गवतासारखा फिकट असावा. चहासारखा गडद दिसला तर तांब्याकडं जावं. झोपण्यापूर्वीही एक पेला प्यावा, कारण रात्रीच पाक सर्वांत घट्ट होतो. ज्यांचं हृदय किंवा मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, त्यांनी मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच वाढवावं.

कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा ज्याला एकच मूत्रपिंड आहे त्याला कळ आली, तर रात्र काढू नका. जिल्हा रुग्णालय गाठा, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठा. खड्याच्या बऱ्याच शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. पैशांसाठी थांबू नका, आधी चौकशी करा.

बीड शहराच्या दक्षिणेला खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात सलाबत खानानं ती बांधवली. बांधणाऱ्यांना पुढचा दुष्काळ कोणत्या साली पडणार, हे सांगता येत नव्हतं. पण या मुलखात तो पडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तेवढ्या अंदाजावर त्यांनी विहीर खोदली. तहान लागल्यावर विहीर खोदू नये, असं आपण एकमेकांना सांगतो. ज्याला एकदा खडा होऊन गेला आहे, त्याला तहान लागायच्याही आधी पाणी प्यावं लागतं. पुढच्या खड्याची तारीख कुणी सांगणार नाही. तांब्या मात्र हाताशी ठेवता येतो. आणि फडावरच्या बाईच्या हाताशी तो असावा, हे बघणं आपल्या सगळ्यांकडं लागतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)